मेंदूत पसरलेला कर्करोग आणि किरणोपचार : एका तुलनेचा इतिहास

सरकारी कचेरीत ज्यांची उमेदवारी गेली आहे त्यांस तुलनात्मक तक्ता म्हणजे काय हे सांगावयास नको. निविदा उघडल्या की आडव्या ओळींत पुरवठादारांची नावे आणि उभ्या रकान्यांत दर, मुदत, हमी, वाहतूक असा कागद तयार होतो व टिपणीसह वर जातो. तो कागद तयार करणारास एक गोष्ट फार लवकर उमगते. आकडे पुरवठादारांचे असले तरी निकाल पुष्कळदा रकान्यांवर ठरतो. दराचा एकच रकाना ठेवला तर जो पहिला येतो, तोच टिकाऊपणाचा दुसरा रकाना आखताच तिसरा जातो. प्रस्तुत लेखात आम्ही एका तुलनेचाच इतिहास सांगणार आहोत. मात्र ती मालाची नव्हे, मनुष्याच्या शेवटच्या काही महिन्यांची आहे. शरीराच्या अन्य भागातील कर्करोग मेंदूत पसरला असता त्यावर कोणता किरणोपचार करावा, हा तो प्रश्न होय. गेली सत्तर वर्षे वैद्यकशास्त्र त्याचा तक्ता आखीत आहे, आणि या काळात आकडे बदलले त्याहून अधिक रकाने बदलले आहेत.

या विषयाकडे आम्ही वळलो त्याचे कारण साधे आहे. लखनौस बदलून आलेल्या मराठी मंडळींचा परिवार लहान; एका घरातील दुखणे सर्वांच्या कानी येते. गेल्या काही वर्षांत आमच्या परिचयाच्या दोन घरांत हा प्रसंग आला. डॉक्टरांनी दोन उपचार समोर ठेवले, दोहोंचे गुणदोष थोडक्यात सांगितले आणि "विचार करून दोन दिवसांत कळवा" असे म्हटले. डॉक्टरांचे काही चुकले नाही; पण विचार नेमका कशाचा करावयाचा हेच त्या घरांस समजेना. पुण्याहून दीर, नागपूरहून भाऊ दूरध्वनीवर निरनिराळे सल्ले देत होते, आणि प्रत्येकाच्या मनात रकाना निराळा होता. आम्ही वैद्य नव्हे. परंतु हा प्रश्न कसा घडत गेला हे ठाऊक असले तर अशा दोन दिवसांत मनुष्य अगदीच अंधारात चाचपडत नाही, असे आम्हांस वाटते.

प्रथम रोगाविषयी दोन शब्द. मेंदूतच उद्भवणारा कर्करोग निराळा आणि मेंदूत येऊन वसलेला निराळा. फुफ्फुस, स्तन, मूत्रपिंड किंवा त्वचेवरील मेलानोमा यांतील पेशी रक्तावाटे मेंदूत पोहोचतात व तेथे एक वा अनेक गाठी धरतात. अशा दुय्यम गाठी मेंदूच्या मूळच्या गाठींपेक्षा संख्येने कितीतरी अधिक आढळतात. कवटी ही हाडाची बंद पेटी असल्यामुळे गाठ लहान असली तरी तिच्याभोवतीची सूज मेंदूवर दाब आणते. डोके दुखते, उलट्या होतात, झटके येतात, हातापायांतील शक्ती जाते किंवा बोलणे अडखळते. पुष्कळशी औषधे रक्तातून मेंदूत सहजासहजी शिरत नाहीत. किरणांस मात्र ही मज्जाव करणारी भिंत नाही, म्हणून किरणोपचाराकडे लक्ष जाणे स्वाभाविक होते.

विल्हेल्म रॉंटगेन यांस क्ष-किरणांचा शोध ८ नोव्हेंबर १८९५ रोजी लागला आणि १८९८ मध्ये क्यूरी दांपत्याने रेडियम हुडकून काढले. किरणांनी पेशी मरतात हे लवकरच कळले. पण रोगट पेशी मराव्यात आणि निरोगी वाचाव्यात हे कसे साधावे, हे कळण्यास आणखी पंचवीस-तीस वर्षे लागली. पॅरिस येथे क्लोद रेगो यांनी मेंढ्यांवर प्रयोग करून दाखविले की सारी मात्रा एकदम दिल्यास त्वचा जळते. तीच थोडी थोडी करून अनेक दिवसांत विभागली तर त्वचा सावरते आणि आतील वेगाने वाढणाऱ्या पेशी मात्र नष्ट होतात. किरणोपचाराचे 'हप्ते' असतात ते यामुळे. हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढील सारा वाद एका अर्थी हप्त्यांचाच आहे.

यंत्रेही याच सुमारास पालटत गेली. साध्या क्ष-किरणांचा जोर त्वचेवरच अधिक पडे. १९५१ च्या अखेरीस कॅनडात कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूचा उपयोग करणारी यंत्रे रुग्णांसाठी चालू झाली. त्यांचे किरण खोलवर जात. भारतात मद्रासच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये असे यंत्र १९५७ मध्ये आले. मुंबईस परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले होते. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आले आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याच्या कक्षेत गेले. एखादे रुग्णालय अणुऊर्जा खात्याखाली असावे याचे नवख्या कारकुनास आश्चर्य वाटते. पण कर्करोगाचा उपचार आणि किरणोत्सारी द्रव्ये यांचा संबंध पाहिला म्हणजे त्यातील औचित्य ध्यानात येते.

मेंदूतील दुय्यम गाठींवर किरणोपचार करून त्याचा हिशेब प्रसिद्ध करण्याचे प्रारंभीचे श्रेय न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील चाओ, फिलिप्स व निकसन या तीन डॉक्टरांकडे जाते. १९५४ मध्ये त्यांनी ३८ रुग्णांचा वृत्तान्त दिला. निम्म्याहून अधिक रुग्णांस डोकेदुखी, अशक्तपणा इत्यादी लक्षणांपासून आराम पडला होता. त्या काळी कवटी न उघडता आतील गाठी दाखविणारे साधन नव्हते. एक गाठ आहे की सहा, आणि नेमक्या कोठे, हे सांगता येत नसल्यामुळे संपूर्ण मेंदूवरच किरण सोडणे हाच एक मार्ग होता. म्हणजे 'संपूर्ण मेंदूचा किरणोपचार' ही पद्धती प्रथम काही सिद्धान्तातून निघाली नाही. न दिसण्यातून निघाली. १९६१ मध्ये मिनेसोटा येथील गॅलिचिक व फ्रेंच यांनी डेक्सामेथासोन या स्टेरॉइडाने मेंदूची सूज झपाट्याने उतरते असे दाखविले, आणि पुढे ते औषध किरणोपचाराचे जणू जोडीदारच झाले.

आता तुलनेचा पहिला मोठा प्रयत्न. १९७० च्या दशकात अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी एकत्र येऊन सुमारे १,८०० रुग्णांवर निरनिराळे वेळापत्रक चाचपून पाहिले. किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. कोणास एका आठवड्यात ५ हप्त्यांनी २० ग्रे, कोणास दोन आठवड्यांत १० हप्त्यांनी ३० ग्रे, तर कोणास तीन किंवा चार आठवड्यांत ४० ग्रे मात्रा देण्यात आली. १९८० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जगण्याच्या काळात वेळापत्रकांमुळे म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. कोणत्याही पद्धतीने निम्मे रुग्ण साधारण १५ ते १८ आठवड्यांत गेले होते. लक्षणांस उतार पडण्याचे प्रमाणही जवळजवळ सारखे होते. निष्कर्ष वरवर निराशाजनक. पण आम्हांस तो मोलाचा वाटतो. ज्या रुग्णाजवळ चार महिने आहेत त्याचा एक महिना रुग्णालयाच्या बाकावर जावा की एक आठवडा, हा प्रश्न या तक्त्याने प्रथमच उघड्यावर आणला.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळील विम्बल्डन येथे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी छायाचित्र घेतले गेले. पुढे एमआरआय आला. जे दिसत नव्हते ते दिसू लागले. गाठी मोजता येऊ लागल्या. आणि ज्याअर्थी काही रुग्णांत गाठ एकच दिसते, त्याअर्थी ती कापून काढली तर काय, असा प्रश्न उभा राहिला. अमेरिकेतील रॉय पॅचेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये त्याचे उत्तर दिले. एकच गाठ असलेल्या ४८ रुग्णांपैकी काहींस केवळ किरणोपचार आणि काहींस शस्त्रक्रिया करून मग किरणोपचार देण्यात आला. पहिल्या गटाचे मध्यक आयुष्य १५ आठवडे, दुसऱ्याचे ४० आठवडे भरले. हा फरक लहान नव्हे.

याच अभ्यासातील एक लहानशी नोंद आपल्याकडील वाचकांनी विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रथम घेतलेल्या ५४ रुग्णांपैकी ६ जणांची गाठ तपासली असता ती पसरलेल्या कर्करोगाची नव्हतीच असे निघाले. अमेरिकेत ही स्थिती. मग उत्तर प्रदेशासारख्या प्रांतात, जेथे क्षयाच्या गाठी आणि पट्टकृमीच्या अंड्यांपासून होणाऱ्या मेंदूतील पुटिका नित्य आढळतात व छायाचित्रात कर्करोगाच्या गाठीसारख्या दिसू शकतात, तेथे केवळ छायाचित्रावर भिस्त ठेवणे किती जोखमीचे, हे निराळे सांगावयास नको. तुलनेच्या तक्त्यात पहिला रकाना दराचा नसून 'वस्तू तीच आहे काय' हा असतो, हे भांडार विभागात काम केलेला कोणीही सांगेल.

या सुमारास एक तिसरा मार्ग पुढे आला होता. स्वीडनचे शस्त्रवैद्य लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्येच 'किरण-शस्त्रक्रिया' ही कल्पना मांडली होती. अनेक बारीक किरणशलाका निरनिराळ्या दिशांनी सोडावयाच्या. प्रत्येक शलाका इतकी क्षीण की वाटेतील मेंदूस तिने अपाय होऊ नये, पण सर्व जेथे मिळतात त्या बिंदूवर त्यांचा एकत्रित प्रहार सुरीसारखा व्हावा. १९६८ मध्ये स्टॉकहोम येथे या तत्त्वावरील पहिले यंत्र चालू झाले. त्यात कोबाल्टचे १७९ स्रोत होते. हेच पुढे 'गॅमा नाईफ' म्हणून प्रसिद्ध पावले. लेक्सेल यांनी ते कर्करोगासाठी योजिले नव्हते. परंतु पसरलेल्या कर्करोगाच्या गाठी बहुधा लहान, गोल आणि मेंदूच्या पेशींत न मिसळता त्यांस बाजूस सारून वाढणाऱ्या असल्यामुळे या सुरीस त्या फार सोयीच्या ठरल्या. १९८७ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्गच्या डॉक्टरांनी लिनिअर ॲक्सिलरेटर, म्हणजे रुग्णालयांतील बोलीत 'लिनॅक', या यंत्रानेही असा एकाच हप्त्याचा उपचार करता येतो असे नमूद केले. भारतात गॅमा नाईफ १९९७ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात व दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत वापरात आले.

येथून खरी तुलना सुरू होते. एका बाजूस संपूर्ण मेंदू, दुसऱ्या बाजूस केवळ गाठ. पहिल्या पद्धतीत न दिसणाऱ्या बारीक बीजांवरही किरण पडतात, पण निरोगी मेंदूही त्यातून सुटत नाही. दुसरीत मेंदू वाचतो, पण आज न दिसणारे बीज उद्या अंकुरते. वाद कशाचा होता हे आकड्यांवरून पाहावे. २००४ मध्ये अमेरिकेतील ३३३ रुग्णांच्या अभ्यासात, संपूर्ण मेंदूच्या उपचारास किरण-शस्त्रक्रियेची जोड दिली असता, एकच गाठ असलेल्यांचे मध्यक आयुष्य ४.९ महिन्यांवरून ६.५ महिन्यांवर गेले. दोन-तीन गाठी असलेल्यांस तसा लाभ दिसला नाही. २००६ मध्ये जपानातील आओयामा व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न उलटा करून विचारला : किरण-शस्त्रक्रिया करावयाचीच आहे तर संपूर्ण मेंदूचा उपचार हवा कशाला? १३२ रुग्णांत त्यांस असे दिसले की तो न दिल्यास वर्षभरात मेंदूत पुन्हा गाठी येण्याचे प्रमाण शेकडा ७६, आणि दिल्यास शेकडा ४७. पण जगण्याच्या काळात फरक नाही. २०११ मध्ये युरोपातील ३५९ रुग्णांच्या अभ्यासानेही तीच ग्वाही दिली : गाठी कमी उद्भवतात, परंतु आयुष्य वाढत नाही आणि स्वतःचे स्वतः करण्याची शक्ती अधिक काळ टिकते असेही नाही.

मग कोणता पक्ष जिंकला? 'गाठ पुन्हा आली काय' या रकान्यात संपूर्ण मेंदूचा उपचार पहिला. 'किती जगला' या रकान्यात दोघे बरोबर. कित्येक वर्षे दोन्ही बाजूंचे विद्वान आपापल्या रकान्याकडे बोट दाखवीत राहिले. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की गाठ परत येणे हीच मेंदूची सर्वांत मोठी हानी होय, तेव्हा बुद्धीचे रक्षण करावयाचे तर गाठच रोखली पाहिजे. हे म्हणणे पोकळ नव्हते. परंतु ते पडताळून पाहावयाचे तर तक्त्यात नवा रकाना आखणे प्राप्त होते.

तो रकाना स्मृतीचा. त्याची पहिली चाहूल १९८९ मध्येच लागली होती. न्यूयॉर्कच्या लिसा डीअँजेलिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १२ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली की ज्यांच्या मेंदूतील कर्करोग संपूर्ण मेंदूच्या किरणोपचाराने आटोक्यात आला होता. पण पुढील काही महिन्यांत ते विसरभोळे झाले, चालताना तोल जाऊ लागला, लघवीवरील ताबा सुटला. रोग गेला आणि माणूसही गेला, अशी ती अवस्था. त्या रुग्णांस प्रत्येक हप्त्याची मात्रा मोठी दिली गेली होती, हेही नमूद केले पाहिजे. जोपर्यंत बहुतेक रुग्ण चार महिन्यांतच जात होते तोपर्यंत हा उशिरा येणारा दोष दिसण्यास कोणी उरतच नव्हते. आयुष्य थोडे लांबले तेव्हा तो दिसू लागला.

स्मृती मोजतात कशी? रीत अगदी साधी आहे. रुग्णास १२ शब्दांची यादी वाचून दाखवितात व आठवतील तितके म्हणावयास सांगतात. असे तीनदा करतात आणि सुमारे २० मिनिटांनी पुन्हा विचारतात. २००९ मध्ये टेक्सासच्या एम. डी. अँडरसन केंद्रात एरिक चँग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही परीक्षा लावली. केवळ ५८ रुग्ण झाले असताना अभ्यास थांबवावा लागला, कारण चार महिन्यांनी शब्द विसरण्याची शक्यता केवळ किरण-शस्त्रक्रिया झालेल्यांत शेकडा २४, तर संपूर्ण मेंदूचा उपचारही घेतलेल्यांत शेकडा ५२ दिसून आली. २०१६ मध्ये पॉल ब्राउन यांच्या नेतृत्वाखालील २१३ रुग्णांच्या अभ्यासाने ते पक्के केले : तीन महिन्यांनी बुद्धीच्या एखाद्या तरी कसोटीत घसरण शेकडा ६४ विरुद्ध शेकडा ९२. दुसऱ्या गटात गाठी कमी परतल्या होत्या, तरीही. गाठ रोखली की बुद्धी राखली, हा युक्तिवाद निदान मोजक्या गाठींच्या रुग्णांपुरता येथे संपला. तेव्हापासून एक ते चार लहान गाठी असतील तर प्रथम किरण-शस्त्रक्रिया आणि पुढे दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआयची पाहणी, हा प्रघात पडला. जपानात ज्यांना पाच ते दहा गाठी होत्या अशांनाही केवळ किरण-शस्त्रक्रिया दिली असता त्यांचे आयुष्य दोन ते चार गाठी असलेल्यांपेक्षा कमी भरले नाही, असे १,१९४ रुग्णांच्या पाहणीतून २०१४ मध्ये निघाले.

परंतु पराभूत पक्षानेही या रकान्यातून धडा घेतला. संपूर्ण मेंदूवर किरण सोडताना हिप्पोकॅम्पस हा स्मृतीचा चिमुकला भाग वगळावा आणि सोबत मेमॅन्टीन हे स्मृतिभ्रंशावरील औषध द्यावे, अशी योजना पुढे आली. ५१८ रुग्णांच्या अभ्यासात, दोन्ही गटांस मेमॅन्टीन दिले असता, तो भाग वगळल्याने बुद्धी घसरण्याचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने घटला असे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्या मेंदूत गाठी विखुरलेल्या आहेत आणि सुरी चालविण्याजोगी स्थिती नाही, त्यांच्यासाठी जुनी पद्धती अशी सुधारून उभी राहिली आहे. शिवाय फुफ्फुसाच्या काही प्रकारच्या कर्करोगांत मेंदूपर्यंत पोहोचणाऱ्या नव्या गोळ्या आल्या असून काही रुग्णांत त्यांमुळे किरणोपचार पुढे ढकलता येतो.

एक तुलना अद्याप राहिली, आणि ती सर्वांत कठोर आहे. किरणोपचार आणि किरणोपचार न करणे, यांची. ब्रिटन व ऑस्ट्रेलियातील रुग्णालयांनी फुफ्फुसाचा कर्करोग मेंदूत पसरलेले ५३८ रुग्ण घेतले. शस्त्रक्रिया किंवा किरण-शस्त्रक्रिया ज्यांस मानवणार नाही असे हे रुग्ण होते. निम्म्यांस स्टेरॉइड व शुश्रूषा, निम्म्यांस त्याजोडीला संपूर्ण मेंदूवर ५ हप्त्यांनी २० ग्रे. २०१६ मध्ये उत्तर आले : मध्यक आयुष्य ८.५ आठवडे आणि ९.२ आठवडे. जगण्याच्या सुखातही म्हणण्यासारखा फरक नाही. याचा अर्थ हा उपचार निरुपयोगी आहे असा नव्हे; तरुण व अन्यथा धडधाकट रुग्णांस तो उपकारक ठरू शकतो. पण काही रुग्णांच्या बाबतीत घरी राहणे म्हणजे हात टेकणे नव्हे, तर तोही तक्त्यातील एक सन्माननीय पर्याय आहे, हे या अभ्यासाने सांगितले.

आता हे सर्व लखनौच्या मातीवर उतरवून पाहू. जुन्या मच्छी भवनाच्या परिसरात किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयाची कोनशिला १९०५ मध्ये बसली आणि १९११ मध्ये तेथे अध्यापन सुरू झाले. आज ते विद्यापीठ आहे. मध्यंतरी काही वर्षे त्यास कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांचे नाव होते आणि २०१२ मध्ये जुने नाव परत आले, हे मराठी वाचकांस ठाऊक असेलच. रायबरेली मार्गावरील संजय गांधी स्नातकोत्तर आयुर्विज्ञान संस्थेची कोनशिला १९८० मध्ये बसली व १९८८ पासून तेथे रुग्णसेवा चालू झाली. दोन्ही ठिकाणी किरणोपचाराचे विभाग आहेत. त्यांच्या दारी केवळ शहरातील लोक येत नाहीत. गोंडा, बहराइच, सीतापूर, हरदोई येथून शेतकरी व मजूर येतात.

अशा रुग्णासाठी विलायती अभ्यासांत नसलेले दोन रकाने आखावे लागतात. पहिला येण्याजाण्याचा. बहराइचहून आलेल्या रुग्णास १० हप्ते म्हणजे दोन आठवडे शहरात राहणे, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि धर्मशाळेतील जागा. ५ हप्ते म्हणजे त्याच्या निम्मे. १९८० चा तो निष्कर्ष, की वेळापत्रकाने आयुष्यात फरक पडत नाही, येथे केवढा कामी येतो! दुसरा रकाना यंत्राचा. संपूर्ण मेंदूचा उपचार दोन बाजूंनी समोरासमोर किरण सोडून साध्या कोबाल्ट यंत्रावरही होतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने बनविलेले 'भाभाट्रॉन' हे त्याच जातीचे देशी यंत्र. मात्र कोबाल्टचा जोर सव्वापाच वर्षांत निम्म्यावर येतो; स्रोत जुना झाला की प्रत्येक रुग्णास अधिक वेळ द्यावा लागतो आणि रांग लांबते. उलट किरण-शस्त्रक्रियेस नेमके यंत्र, उत्तम एमआरआय, भौतिकीचा जाणकार आणि नंतर दर दोन-तीन महिन्यांची पाहणी लागते. ही पाहणी ज्यास जमणार नाही त्यास 'गाठ परत आली तर पुन्हा पाहू' हे आश्वासन कोरडे ठरते. तेव्हा पाठ्यपुस्तकातील पहिला क्रमांक बहराइचच्या तक्त्यातही पहिलाच राहील असे नाही.

आपल्या मंडळींपुढे आणखी एक मोह असतो, तो पुष्पक एक्सप्रेसचा. "टाटाला दाखवा" हा सल्ला प्रत्येक मराठी घरातून येतो, आणि त्यामागील विश्वास अनाठायी नाही. पण मुंबईचा प्रवास, तेथील मुक्काम आणि रांग हेही तक्त्यात मांडले पाहिजे. २०१९ पासून वाराणसीत टाटा स्मारक केंद्राचीच रुग्णालये चालू झाली आहेत. लखनौहून तो पल्ला कितीतरी जवळचा. शिवाय निदानाचे कागद व छायाचित्रे पाठवून मत मागविणे हा मार्ग आहेच. रुग्णाजवळचे आठवडे मोजके असताना त्यांतील दोन आगगाडीत आणि बाकांवर घालविणे हा खर्चच होय.

शेवटी पुन्हा त्या १२ शब्दांकडे येऊ. ती यादी रुग्णास त्याच्या भाषेतच वाचून दाखविली पाहिजे, हे उघड आहे. मुलाच्या बदलीमुळे उतारवयात लखनौस आलेल्या, हिंदी जेमतेम कळणाऱ्या एखाद्या आजींस हिंदी शब्द विचारले तर स्मृती गेली की भाषाच नव्हती, हे कसे समजावे? परीक्षेच्या वेळी घरातील मराठी माणूस जवळ असावा आणि उपचारापूर्वी त्या काय काय करीत, कोणाची नावे बिनचूक घेत, हिशेब कसा ठेवीत, हे त्याने डॉक्टरांस सांगावे. असे सांगण्यास पदवी लागत नाही, आणि ते अन्य कोणास सांगता येणार नाही.

आणि सर्वांत अवघड ते असे की आपल्या घरांत हा रोग रुग्णापासून लपवितात. हेतू प्रेमाचाच असतो. परंतु हा इतिहास पाहता निवड औषधांची नसून जीवनातील दोन मोलाच्या वस्तूंमधील आहे : पुन्हा गाठ न येण्याची अधिक खात्री, की नातवंडांची नावे आणि रोजचे स्तोत्र शेवटपर्यंत आठवत राहणे. एखादा म्हणेल, "मला पुन्हा ते झटके नकोत, थोडे विसरलो तरी चालेल." दुसरी म्हणेल, "विसरून जगण्यापेक्षा गाठ परत आली तर पुन्हा उपचार घेईन." दोन्ही उत्तरे योग्य असू शकतात, पण ती देण्याचा अधिकार ज्याचा त्याचा आहे, दिराचा किंवा भावाचा नव्हे. सत्तर वर्षांत वैद्यकाने आयुष्याचे आठवडे मोजले, गाठी मोजल्या आणि अखेरीस स्मृती मोजावयास शिकले. यांतील कोणता रकाना प्रथम वाचावयाचा हे रुग्णास विचारल्यावाचून ठरत नाही. त्यास तो विचारावा, आणि वेळीच विचारावा, एवढेच आमचे सांगणे आहे.